उलट्या झाडाखालचा गोठा

फातिकहून निघालेली घोडागाडी धुळीतून खडखडत होती. सेनेगलमधला फेब्रुवारी. दोन्ही बाजूंना बाजरीची नुसती धसकटं, आणि त्यात अधूनमधून गर्द हिरवी झाडं. एवढ्या उन्हात हा पाला टिकला कसा?

वोलोफ भाषेत या झाडाला 'काद' म्हणतात. बाभळीच्या गोतातलं, पण वागणं सगळं उलटं. पाऊस पडायला लागला की पानं गाळून उघडं होतं, त्यामुळे खालच्या बाजरीला सावली नडत नाही. शेतं रिकामी झाली की हे पालवतं. विलायती चिंचेसारख्या वळलेल्या केशरी शेंगा गुरं अधाशासारखी खातात. म्हणून नांगरताना त्याचं रोप दिसलं की शेतकरी बाजूने औत काढतो.

माझे यजमान साठीचे, इथल्या सेरेर समाजातले शेतकरी. फ्रेंच येणारा भाचा दुभाष्या. माझं फ्रेंच मोडकंच, तेव्हा अर्धं संभाषण हातवाऱ्यांचं.

"गोठा कुठंय?" मी विचारलं. आजोबांनी समोरचं शेत दाखवलं.

संध्याकाळी गुरं आली आणि धसकटांत ठोकलेल्या खुंट्यांना बांधली गेली. काही रात्री झाल्या की खुंटे उपटायचे, पुढे ठोकायचे. असं करत सगळ्या शेताला शेणखत मिळतं, वाहून न्यायचे कष्ट नाहीत. आपल्याकडे धनगरांची मेंढरं शेतात बसवतात, तेच की! फक्त इथं गुरं घरचीच.

पूर्वी गावाचा एक पट्टा आळीपाळीने पडीक ठेवत आणि पावसाळ्यात जनावरं तिथंच चरत. माणसं वाढली, पडीक जमीन उरली नाही. आता पिकं उभी असताना कळप दूर, फेर्लोच्या चराऊ रानाकडे न्यावे लागतात. भुईमुगाचा पाला तर सोन्यासारखा जपतात. शेळ्यांचं तोंड पोचू नये म्हणून छपरावर रचलेला. बाजारात त्याला चांगला भाव मिळतो.

रात्री 'लाख' खाल्लं. बाजरीचा घाटा, वर आंबट दूध आणि साखर. दोनदा मागून घेतलं.

पहाटे अंधारात शेतात गेलो आणि पाय घोट्यापर्यंत शेणात. आजोबा खुंटा उपटत होते. बघून खो खो हसले. भाच्याने भाषांतर केलं, "म्हणतात, जागा लक्षात ठेव. जूनमध्ये पहिली बाजरी इथंच टाकणार."

"पाऊस आला की?"

"त्याच्याही आधी. कोरड्या मातीत."

म्हणजे धूळपेरणी. हा शब्द त्यांना कसा सांगावा, तेवढं फ्रेंच मात्र माझ्याकडे नव्हतं.