शिडी आली होती

त्या शनिवारी मी मीटिंगला गेले ती ठरवलेल्या गोष्टीवर चार जाणत्यांची मान डोलावून घ्यायला. मी स्पीच थेरपिस्ट; माझ्याकडे येणाऱ्या काकांची थेरपी थांबवायची, हे माझ्यापुरतं ठरलं होतं. रिपोर्टही तयार होता. ‘भाषिक प्रगती स्थिरावली आहे, यापुढे लक्षणीय सुधारणा अपेक्षित नाही.’ हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, पण शेवटी लिहिलं.

काका ५८ वर्षांचे, आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेले. चौदा महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं बोलणं त्यांना बरंचसं समजायचं. डाव्या हाताने सर्किटची आकृती काढून द्यायचे आणि ती बिनचूक असायची. तोंडातून मात्र एकच यायचं, ‘करतो करतो’. हो म्हणायचं असलं तरी करतो करतो, नको असलं तरी तेच, फक्त सूर बदलायचा. चिडले की तेच दोन शब्द दारावर थापा माराव्यात तसे यायचे. येणारेजाणारे त्यांना ‘करतोकाका’ म्हणायला लागले होते. प्रेमानेच म्हणायचे, तरी ते ऐकलं की माझ्या पोटात तुटायचं.

कारण आमच्या क्षेत्राची सुरुवातच अशा एका माणसापासून झाली आहे. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात लेबोर्न नावाचा माणूस एकवीस वर्षं होता. त्याच्या तोंडून ‘तान’ एवढाच आवाज निघायचा, म्हणून सगळे त्याला तान म्हणत. १८६१ मध्ये तो वारला, पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवून दिली. मेंदूच्या त्या भागाला आजही ब्रोकाचं नाव आहे. शिकताना आम्ही सगळे एवढंच पाठ करतो. ब्रोकाने आणखी एक नोंदवून ठेवलं आहे: समोरच्याला आपलं म्हणणं कळलं नाही की लेबोर्न संतापायचा, आणि मग एक शिवी त्याच्या तोंडून चक्क स्पष्ट बाहेर पडायची. म्हणजे आत माणूस होता, सांगू पाहत होता आणि ऐकणाऱ्यांवर रागावत होता. मला शरीरशास्त्राच्या त्या आकृतीपेक्षा हा राग जास्त लक्षात राहिला आहे.

तर काका. पहिल्या पाच-सहा महिन्यांत थोडी नामं परत आली. पन्नास चित्रांच्या संचातली अकरा-बारा चित्रं ते ओळखून बोलायला लागले आणि तिथेच अडकले. आठ महिने तोच आकडा. आठवड्यातून दोन सेशन, घरचा अभ्यास, सगळं चालू होतं. काकू एकही दिवस न चुकवता घेऊन यायच्या आणि दर वेळी निघताना माझ्या तोंडाकडे बघायच्या. त्या बघण्याला माझ्याकडे उत्तर उरलं नव्हतं.

आमचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भेटतो. बहुतेक जण स्पीच थेरपिस्ट, शिवाय एक न्यूरॉलॉजिस्ट, एक भाषाशास्त्राच्या प्राध्यापक, संशोधन करणारे दोन-तीन विद्यार्थी, आणि स्वतः वाचाघात, म्हणजे मेंदूतल्या इजेने बोलणं हरवणं, झालेले एक सभासद. त्यांना सगळे दादा म्हणतात. ते आमच्याकडे केस म्हणून येत नाहीत. वाचाघातावरचं संशोधन ज्यांना तो झाला आहे त्यांना बरोबर घेऊनच व्हायला हवं, म्हणून ते गटात आहेत; कुठल्या प्रश्नावर काम करायचं हे ठरवताना त्यांच्या मताला आमच्याइतकंच वजन असतं. गटाचे नियम दोनच. केस मांडायची तर रिपोर्ट वाचून दाखवायचा नाही, व्हिडिओ आणायचा. आणि दादा बोलत असताना कुणीही त्यांचं वाक्य पुरं करायचं नाही.

व्हिडिओसाठी काकांची संमती घेताना मी छापील अर्ज नुसता पुढे सरकवला नव्हता. कॅमेऱ्याचं चित्र, बघणाऱ्या माणसांचं चित्र, खाली बरोबरची आणि चुकीची खूण, असा कागद करून नेला होता. काकांनी सगळं नीट बघून बरोबरच्या खुणेवर बोट ठेवलं होतं. त्या कागदाचा मला अभिमान वाटत होता. एवढी काळजी घेणारी थेरपिस्ट अजून काय करणार, असंही कुठेतरी वाटत होतं.

नऊ मिनिटांचा व्हिडिओ लावला. मी चित्र दाखवते, काका बघतात, ओठ हलवतात, मी मदत करते. ‘ह्याच्यावर चढतो आपण. भिंतीला टेकवून ठेवतो. शि… शि…’ आमच्या भाषेत याला क्यू देणं म्हणतात. आधी अर्थाचा क्यू, मग अपुरं वाक्य, मग पहिला आवाज, अशी पायरी असते. मी ती पायरी अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चढत होते.

व्हिडिओ संपला. गटातल्या एका सरांनी विचारलं, ‘डिस्चार्जचं कारण काय लिहिलंयस?’ मी म्हटलं, ‘प्लॅटो.’ म्हणजे प्रगती एका जागी येऊन थांबणं. सर म्हणाले, ‘चौदा महिन्यांनी प्लॅटो आला, की आठवड्याला दोन सेशनमध्ये आला?’ आणि त्यांनी जर्मनीतल्या त्या अभ्यासाची आठवण करून दिली, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या. स्ट्रोकला निदान सहा महिने उलटून गेलेले दीडशेहून जास्त लोक, तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी. रोजच्या व्यवहारातल्या त्यांच्या बोलण्यात फरक पडला होता. हा अभ्यास मला माहीत होता, व्याख्यानात सांगितलाही होता. माझी सबबही तयार होती: आठवड्याला दहा तास द्यायला माणसं कुठे आहेत? सरांनी ते नाकारलं नाही. तो प्रश्न खराच आहे, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला रोज बोचतो.

चर्चा तासांवरच राहिली असती. तेवढ्यात दादांनी हात वर केला.

सगळे गप्प झाले. दादांचं वाक्य यायला वेळ लागतो, आणि आम्हाला त्याची सवय आहे.

‘ती…’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘ती… बोलते.’

मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तो सावकाश गळ्यापर्यंत आणला. ‘शब्द… येतो. येतो… येतो.’ हात ओठांपाशी आला, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने तो फटकन खाली पाडला. ‘ती… बोलते. गेला.’

एवढं म्हणायला त्यांना मिनिटभर तरी लागलं असेल. त्या मिनिटात मी अगदी निवांत बसले होते, हे मला मागाहून जाणवलं. दादांसाठी मी थांबू शकत होते, कारण तिथे तसा नियम होता. माझ्या स्वतःच्या खोलीत तो नियम मी कधी लावलाच नव्हता.

संशोधन करणारी एक मुलगी बोलण्यातल्या विरामांवरच काम करते. तिने व्हिडिओचा आवाज लॅपटॉपवर घेतला आणि ‘प्रात’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. पडद्यावर माझ्या आवाजाचे उंचच उंच डोंगर आणि मधे काकांच्या सपाट रेघा. ती एकेक विराम निवडायची आणि आकडा वाचायची. ‘चित्र दाखवल्यापासून ताई बोलेपर्यंत दोन पूर्णांक एक सेकंद. इथे एक पूर्णांक आठ. दोन पूर्णांक सहा.’ एकदाही मी चार सेकंदांच्या पुढे गेले नव्हते. मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, की मी काकांना दहा-दहा सेकंद देते.

ती म्हणाली, ‘ताई, सगळ्यांचंच असं होतं.’ रोजच्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्याच्या मधे साधारण दोन दशांश सेकंद जातात. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या दहा भाषांचा अभ्यास झाला, तेव्हा सगळीकडे सरासरी त्याच्याच आसपास निघाली. एवढ्या वेगाची सवय झालेल्या कानाला दोन सेकंदांची शांतता म्हणजे काहीतरी बिनसल्यासारखी वाटते. सुदृढ माणसाला ओळखीच्या चित्राचं नाव सेकंदाच्या आत सुचतं. काकांच्या मेंदूत तोच रस्ता खचलेला, ते वळसा घालून येत होते. आणि ते निम्म्या वाटेवर असताना मी त्यांच्या कानात नवी वाक्यं ओतत होते. ती समजून घेण्यात त्यांचं लक्ष जायचं आणि हाती येत असलेला शब्द सुटायचा.

मग ती एका ठिकाणी थांबली. ‘इथे कुणीतरी आत आलं होतं का?’

आलं होतं. सहाव्या मिनिटाला कुणीतरी दार उघडून एक फाइल मागितली होती. व्हिडिओत दिसतं, शिडीचं चित्र टेबलावर आहे आणि मी मान वळवून ‘कपाटात, वरच्या खणात’ असं सांगते आहे. मुलीने आवाज वाढवला. माझ्या ‘खणात’च्या पाठोपाठ, अगदी हलक्या आवाजात, काका म्हणतात, ‘चिडी.’ आणि श्वासभर थांबून, ‘शिडी.’

पुढच्याच क्षणी मी वळते आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणते, ‘हां काका, ह्याच्यावर चढतो आपण. शि… शि…’ काका माझ्याकडे बघतात. ‘करतो करतो,’ म्हणतात.

त्या चित्रापुढे माझ्या नोंदवहीत लिहिलं होतं: पहिल्या आवाजाचा क्यू देऊनही नाही.

मुलीने ती जागा पुन्हा लावली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. पहिल्यांदा ऐकताना माझ्या हातातलं पेन खाली पडलं होतं आणि ते उचलायचं सुचलं नव्हतं. काकांनी स्वतः शब्द शोधला होता, त्यातली चूक स्वतः ऐकली होती, स्वतःच दुरुस्त केली होती. थेरपिस्ट ज्याची वाट बघतो ते सगळं झालं होतं, आणि मी फाइल कुठे आहे ते सांगत होते.

नंतर वादही झाला. एका मॅडमचं म्हणणं, नुसतं थांबणं हा काही उपाय होत नाही. माणूस धडपडत राहिला तर चुकीचा शब्दच पक्का होतो. चूक होऊच द्यायची नाही, आधीच बरोबर शब्द हाती द्यायचा, अशी एक पद्धत आहे आणि तिच्यामागेही अभ्यास आहेत. न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांनी बजावलं, की ज्यांना समोरच्याचं बोलणंच नीट उमगत नाही अशा रुग्णांना शांतता वेगळी वाटते. दोघांचंही खरं होतं. शेवटी भाषाशास्त्राच्या प्राध्यापक म्हणाल्या, ‘मदत कधी हवी हे तू ठरवतेस. त्यांना ठरवू दे की.’

सोमवारी काका आले. मी चित्रांची थप्पी काढायच्या आधी एक कागद घेतला, त्यावर घड्याळ काढलं, माझा चेहरा काढला आणि तोंडावर आडवी रेघ मारली. म्हटलं, ‘काका, मी घाई करत होते. चूक माझी होती. आता तुम्हाला मदत हवी असली की टेबलावर टकटक करा. तोवर मी बोलणार नाही.’

काकांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग माझ्या तोंडावरच्या रेघेवर बोट टेकवलं आणि ‘करतो करतो’ म्हणून मनापासून हसले. काकूसुद्धा हसल्या. किती दिवसांनी, कोण जाणे.

पहिलं चित्र कुलपाचं. मी हात मांडीखाली घेतले, कारण माझे हातही मधे मधे बोलतात. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. पाच सेकंदांना काकांचे ओठ गोल झाले. सातला पुन्हा सैल पडले. डाव्या हाताचा अंगठा गुडघ्यावर घासत होता, तारेची साल काढावी तसा. नवव्या सेकंदाला मला वाटलं, आता नाही, आता द्यावाच क्यू. जीभ टाळूला लागलेली मला जाणवली. अकराव्याला ते म्हणाले, ‘कुप.’ मान हलवली. ‘कु… लूप.’

तासाभरात फक्त चौदा चित्रं झाली. एरवी मी त्या वेळात पन्नास संपवायची. चौदापैकी आठ नावं त्यांची स्वतःची, त्यांतली तीन आधी कधीच न आलेली. चार वेळा त्यांनी टकटक केली आणि मी पहिला आवाज दिला. दोन चित्रं त्यांनी हाताने बाजूला सारली, जाऊ दे म्हणून. आठ महिने ठरलेल्या वेळात पन्नास चित्रं उरकून मी जो आकडा मोजत होते, त्यात माझा वेग किती आणि काकांचा आजार किती, हे मला आता सांगता येत नाही.

काकूंना मी घरी हेच करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मला तर त्यांनी तोंड उघडायच्या आत कळतं काय हवंय ते.’ हे त्यांचं प्रेम होतं आणि ते मोडायचं नव्हतं. एवढंच ठरवलं, की दिवसातून एकदा, कोणता शर्ट घालायचा हा प्रश्न विचारायचा आणि दोन शर्ट हातात धरून उभं राहायचं. आठवड्याने त्यांचा फोन आला. ‘निळा म्हणाले. माझा हात भरून आला होता, पण म्हणाले.’

‘करतो करतो’ अजून आहे. जाईल असं मी कुणाला सांगितलेलं नाही. रिपोर्टमधलं ते वाक्य मात्र खोडलं आणि नोंदवहीत एक नवा रकाना आखला: किती सेकंद थांबले.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी काकांचा नवा व्हिडिओ दाखवायचा म्हणून मी लवकर पोचले. त्या मॅडम माझ्याआधी येऊन बसल्या होत्या, त्याच वाद घालणाऱ्या. आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलं आहे. त्यांनी त्यांच्या एका सेशनचं रेकॉर्डिंग आणलं होतं. दादांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या, पेन ड्राइव्ह त्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘आधी माझं लाव. मोज.’