मरून लोकर

पुण्याची थंडी म्हणजे खरं तर सकाळचे तीन तास, साडेनऊ वाजले की स्वेटर कमरेला आणि दुपारी लोक उसाच्या रसाच्या गाड्यावर, तर तेवढ्यासाठी पाच वर्षांच्या लेकीला हाताने स्वेटर विणायची काही गरज नव्हती हे मला मान्य आहे. तुळशीबागेत जाऊन यायचं, विषय संपला. पण दिवाळीत आईकडे माळा आवरताना माझा सातवीतला मरून स्वेटर सापडला, आईनेच विणलेला, एका बाहीला कसर लागलेली. टाकून द्यायला काढला तर आई म्हणाली, "वेडी आहेस का, लोकर बघ कशी आहे. उसव आणि पोरीला घाल."

उसवायचीही पद्धत असते हे मी विसरले होते. आधी शिवणी सोडवायच्या, मग जिथे टाके बंद केलेत ते टोक शोधायचं, सुरुवातीच्या बाजूने ओढत बसलात तर पावलोपावली अडकतं. आणि हे घरी विणलेल्याचंच हां, विकतचा बऱ्याचदा मशीनवरच्या कापडातून बेतून शिवलेला असतो, त्याचा दर ओळीला तुकडा हातात येतो. आमचं टोक मात्र सापडलं आणि लेकीने जे ओढायला सुरुवात केली, टर्र टर्र ओळी सुटतायत आणि ही हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून बाल्कनीत, मागे अख्ख्या घरात मॅगी.

ते मॅगीपण घालवायला खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैलसर बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि बाल्कनीतल्या दोरीवर टांगली, खाली वजनाला लाटणं. समोरच्या काकूंनी दोनदा बघितलं, विचारलं काही नाही. वाळल्यावर लेक दोन्ही हातांवर लडी घेऊन बसली आणि मी गुंडे केले. "हात वर" म्हटलं की हात वर, दहा मिनिटं, एरवी जेवतानासुद्धा एवढी एका जागी बसत नाही.

मग बॉर्डर 12 नंबरच्या सुयांवर एक सुलट एक उलट, वरचा भाग 10 नंबरवर. (नंबर वाढला की सुई बारीक, हे कुणी ठरवलं देव जाणे.) आईने बजावलं होतं, आधी हातभर नको पण चार बोटं तरी तुकडा विणून माप बघ, माझा हात सैल आहे म्हणून. मी कशाला बघतेय! वीतभर झाल्यावर लेकीच्या अंगाला लावला तर तिच्या बाबांना होईल असा घेर. परत उसवला. मी कपाळाला हात लावलेला आणि ही टाळ्या पिटतेय.

जानेवारी उजाडता उजाडता झाला एकदाचा पूर्ण. शाळेच्या व्हॅनची वाट बघत गेटपाशी उभ्या होतो, तिने बाहीच्या कडेवरून बोट फिरवलं, नीट चाचपून बघितली आणि विचारलं, "आई, हा कधी उसवायचा?"