मार्व्याची होडी आणि मनोरी-गोराईची शेतं

ऑक्टोबरचा पहिला रविवार मुद्दाम निवडला होता, कारण त्या दिवशी आगेरा, म्हणजे इथल्या ख्रिस्ती गावांचा नव्या भाताचा सण असतो. मालाड स्टेशनच्या पश्चिमेहून बेस्टच्या बसने मार्वे गाठलं आणि होडीने पलीकडे मनोरीला उतरले.

मनोरी, कुलवेम, गोराई ही गावं मुंबई महापालिकेच्याच हद्दीत येतात. पूर्वेला खाडी आणि तिवरं, पश्चिमेला समुद्र. गाडीने यायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा. इतकी वर्षं खाडीवर पूल नव्हता म्हणूनच इथली शेतं टिकली, असं माझं ठाम मत आहे. काही वर्षांपूर्वी विशेष आर्थिक क्षेत्राचा घाट घातला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. शेतं पाहिल्यावर त्यांचा जीव कशात अडकला होता ते कळतं.

1534 च्या तहाने हा सगळा मुलूख गुजरातच्या बहादूरशाहाकडून पोर्तुगीजांकडे गेला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पुढे इंग्रज आले. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या इथल्या माणसांनी शेती सोडली नाही आणि भाषाही सोडली नाही. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी 1887 च्या सुमारास, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात घेतलं. घरात बोलतात ती मराठीचीच बोली.

आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, त्यांना आशीर्वाद मिळतो. लुगडं नेसलेल्या एक आजी लोंब्यांची जुडी उराशी धरून चालल्या होत्या. मी वाट सोडून उभी राहिले. आपल्याकडे दसऱ्याला दारावर नव्या भाताच्या लोंब्या बांधतात, तीच माया.

मला सगळ्यात नवल वाटलं ते विहिरींचं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोड! पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. त्यावरच भातानंतरची भाजी होते. पंप लावून बेसुमार उपसा केला तर खालचं खारं पाणी वर चढतं, आणि एकदा खारवलेली विहीर सहजासहजी गोडी धरत नाही. हॉटेलं आणि बंगले वाढताना याचा विचार व्हायलाच हवा.

जाणाऱ्यांसाठी: शेवटची होडी किती वाजता आहे ते उतरतानाच विचारून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. सुटे पैसे जवळ ठेवा. दुचाकी होडीत चढवता येते. बोरिवलीहून गोराई खाडीची होडीही आहे. मी परत तिकडूनच आले. ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं, म्हणून टोपी आणि पाणी घ्या. बांधांवरून चालू नका, ते मातीचे असतात आणि ढासळतात. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका. समुद्रात खोल उतरू नका, ओढ जबर आहे. आणि भाजी थेट शेतकऱ्याकडून घ्या, घासाघीस न करता. मी मुळा आणि वांगी आणली, घरी पोहोचेपर्यंत मुळ्याचा पाला ताजा होता.