तुम्ही विचारलंत म्हणून: सह्या विकत का घेत नाही?

घरी पाहुणे आले की बैठकीतल्या कपाटातला जाडजूड निळा फोल्डर कुणीतरी काढतंच. पानागणिक नऊ कप्पे, कप्प्यांत बेसबॉल खेळाडूंची कार्डं आणि त्यांवर निळ्या शाईतल्या सह्या. पाच-सहा पानं उलटली की ठरलेला प्रश्न येतो: "यातलं कुणीच ओळखीचं दिसत नाही. मोठ्या खेळाडूंच्या सह्या ऑनलाइन मिळतात ना विकत, मग त्या का घेत नाही तुम्ही?" परवा मंडळाच्या हळदीकुंकवाला पुन्हा तिघींनी विचारलं. तिळगूळ हातात घेऊन दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले.

माझा नियम साधा आहे. ज्याला मी मैदानावर खेळताना पाहिलं त्याचंच कार्ड ठेवायचं, आणि सहीही माझ्यासमोर झालेली हवी.

सुरुवात २००९ साली झाली. मुलगा आठ वर्षांचा होता, लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, खेळायचा. त्याच्या कोचने सगळ्या मुलांसाठी इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, सॅन होजे जायंट्स या बेसबॉल संघाच्या सामन्याची तिकिटं काढली होती. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉलच्या, संघांत जायच्या आधी पोरं ज्या पायऱ्या चढतात त्यांतली ही एक पायरी. मैदान १९४२ सालचं, साधारण चार हजार माणसं मावतील एवढं. गेटातून आत शिरलं की बार्बेक्यूचा धूर अंगावर येतो आणि खेळाडू इतके जवळ असतात की त्यांचं आपसातलं बोलणं ऐकू येतं. वानखेडेवर लांबून मुंगीएवढे क्रिकेटपटू पाहिलेल्या मला ते खरंच वाटेना.

त्या हंगामात त्या संघाचा कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा, होता बस्टर पोझी. मला तेव्हा नाव माहीत नव्हतं. एक शांत मुलगा चेंडू झेलतो, मध्येच उठून पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, दोन शब्द बोलतो आणि पिचर सावरतो, एवढं लक्षात राहिलं. आठवणीखातर संघाचा कार्डांचा संच घेतला, त्यात त्याचंही कार्ड होतं. सही घ्यायची राहिली, कारण मुलगा माझ्या खांद्यावर झोपला होता. पुढच्याच वर्षी पोझी मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि सॅन होजे ज्यांचा हाताखालचा संघ, त्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकून आला. त्या शहरात आल्यापासूनचं त्यांचं ते पहिलंच. २०१२ आणि २०१४ मध्ये आणखी दोन.

माझ्या पन्नाशीला नवऱ्याने पोझीच्या सहीचं कार्ड आणलं. प्रमाणपत्रासकट, काचेसारख्या पेटीत बंद. किती शोधून आणलं असेल त्याने! मी ते बैठकीत लावलं, आजही तिथेच आहे, पण फोल्डरमध्ये ठेवलं नाही. फोल्डरमध्ये २००९ चं ते बिनसहीचं कार्ड आहे. नवऱ्याला वाईट वाटलं आणि मला त्याचं वाईट वाटलं. पण त्या विकतच्या सहीच्या वेळी पोझी कुठल्या खोलीत बसला होता, समोर कोण होतं, हे मला ठाऊक नाही. बिनसहीच्या कार्डाकडे पाहिलं की झोपलेल्या लेकराचं वजन अजून खांद्यावर जाणवतं.

खोट्या सह्यांची भीती हे कारण लोकांना लवकर पटतं, आणि ती भीती खरीच आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने सॅन डिएगोहून बनावट सह्या करणारी एक मोठी टोळी उघडी पाडली. त्यांच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते! तरी माझं कारण हे नव्हे. उद्या प्रत्येक सही शंभर टक्के अस्सल असल्याची हमी मिळाली तरी मी विकत घेणार नाही.

दुसरा हमखास प्रश्न रिंकू सिंगचा. क्रिकेटमधला रिंकू वेगळा. हा उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू, २००८ साली टीव्हीवरच्या वेगवान पिचरच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि दिनेश पटेलसोबत पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाशी करारबद्ध झाला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले दोन भारतीय. "त्याचं कार्ड तर असेलच!" नाही. तो फ्लोरिडात आणि मग वेस्ट व्हर्जिनियात खेळला, मी कॅलिफोर्नियात. त्याचे आकडे मी रोज सकाळी चहाबरोबर बघायचे, हाताला दुखापत झाली तेव्हा घरातल्या पोराची वाटावी तशी काळजी केली. पण त्याला पाहिलं नाही. नियम वाकवावा असं मला खरोखर वाटलं ते फक्त त्याच्यासाठी. नाही वाकवला.

आता जरा कामाचं. २०२१ पासून पाहुणा संघ मंगळवारी येतो आणि रविवारपर्यंत सहा सामने खेळतो. मी मंगळवारी नुसती बघते. कोण कसा धावतो, कोण चुकल्यावर कसा उभा राहतो ते बघते. मग गुरुवारी किंवा रविवारी कार्डं घेऊन तासभर आधी पोचते. चकचकीत कार्डावर शाई धरत नाही, थेंब थेंब होऊन फुटते. म्हणून आदल्या रात्री बेबी पावडरचं बोट फिरवून मऊ फडक्याने पुसून ठेवते. पेन निळं शार्पी, म्हणजे पक्क्या शाईचं मार्कर. काळी शाई गडद गणवेशावर दिसत नाही. खेळाडूला नावाने हाक मारायची आणि एकच कार्ड पुढे करायचं. घरी आल्यावर तारीख, प्रतिस्पर्धी आणि पाहिलेली एक गोष्ट चिठ्ठीवर लिहून कार्डामागे सरकवते.

५७३ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारलेला जुना खेळाडू हार्मन किलब्रू तरुण खेळाडूंना बजावून सांगायचा की सही वाचता आली पाहिजे. पुढे स्वतःही मोठा खेळाडू झालेल्या टोरी हंटरलाही त्याने ऐकवलं होतं. बऱ्याच मोठ्या खेळाडूंच्या सह्या आता नुसत्या रेघा झाल्यात. माझ्या फोल्डरमधली पोरं मात्र अजून पूर्ण नाव लिहितात. स्वाक्षरीतलं अक्षर तिथे शाबूत आहे.

यांतले बहुतेक मेजर लीगपर्यंत पोचत नाहीत, हे मला माहीत आहे. २०२३ पर्यंत या पायरीवरचा किमान पगार वर्षाला जेमतेम ११,००० डॉलर होता. खेळाडूंच्या संघटनेचा करार झाल्यावर तो २६,२०० झाला. म्हणजे ज्या मुलाने मला सही दिली, त्याच्याहून जास्त पैसे कदाचित बाहेर पार्किंग सांभाळणारा मिळवत होता. अशा मुलाच्या कार्डाला बाजारात किंमत नसते. दोन वर्षांनी खेळ सोडून तो कुठेतरी नोकरीला लागतो. त्याने एका बुधवारी डावीकडे सूर मारून घेतलेला झेल निदान माझ्या चिठ्ठीवर राहतो.

असाच एक पिचर. नाव लिहीत नाही, तो आता खेळत नाही. पिचर जिथे हात मोकळा करतात त्या बुलपेनजवळच्या कठड्याशी मी त्याचं कार्ड पुढे केलं, तर तो पेन हातात घेऊन बघतच राहिला. "हे छापून आलं?" त्याने विचारलं. स्वतःचं कार्ड तो पहिल्यांदाच बघत होता. मागे वळून मित्राला हाक मारली, मग दोघांनी मिळून मागचा मजकूर वाचला: उंची, वजन, गाव. गावाचं स्पेलिंग बरोबर आहे म्हणून खूश झाला. मी प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती नेते. एकावर त्याने सावकाश पूर्ण नाव लिहिलं. दुसरं आईला पाठवायला मिळेल का, म्हणाला. मी दिलं. त्यावरही सही कर की, म्हटलं, तर मान हलवली. "तिच्यासमोरच करीन, घरी गेल्यावर."