वळ ना बाई, वळ!

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायची म्हणून परवाना, सुरक्षेचा कोर्स, नेम धरायचा सराव, सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते मचाणावर.

तिसऱ्या सकाळी एक मादी १८ यार्डांवर आली. मी दोरी ओढली आणि बाईसाहेब नेमक्या माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. समोरून हरणाची छाती दिसते, पण बाण आत जायची जागा चिंचोळी. जरा सरकला की फऱ्याच्या हाडावर, नाहीतर पोटात. हृदय-फुप्फुसांचा पट्टा जेमतेम ८ इंचांचा, आणि तो बाजूनेच नीट मिळतो. मला हे तोंडपाठ होतं. ६० पाउंडांचं माझं कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं, पूर्ण ओढल्यावर बराचसा जोर चाकं पेलतात) ओढून धरायला १२ पाउंडच लागतात, हेही. पण मिनिटभराने त्या १२ पाउंडांनी खांदा थरथरायला लागला. धनुष्यावरची नेमाची पिन छातीवरून मानेवर, मानेवरून मागच्या खोडावर. वळ ना बाई! तिने पाय आपटला, कान रोखले. ‘१८ यार्ड तर आहेत, सोड,’ मन म्हणालं.

नाही सोडला. दोरी हळूच सैल करत पुढे नेली, तेवढ्या हालचालीने ती शेपूट उभारून पसार. दिवसभर मी घुश्श्यात, आधी तिच्यावर, मग स्वतःवर. खरं तर कान रोखलेलं हरीण आडवं असतं तरी सोडायला नकोच होता. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, माझा बाण २८० च्या आसपास. दोरीचा आवाज ऐकून हरीण उडी मारायला आधी खाली दबतं आणि बाण वर लागतो.

दोन दिवसांनी दुसरी आली. आडवी, जराशी पाठमोरी, चरण्यात गुंग. पलीकडच्या पुढच्या पायापाशी बाण निघेल असा नेम धरून सोडला. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त होतं, म्हणजे फुप्फुसं. तरी अर्धा तास घड्याळ बघत बसलो. रक्त गडद असेल तर यकृत, चार तास तरी थांबा. हिरवट आणि घाण वासाचं असेल तर पोट, मग आठ ते बारा. घाईने मागे गेलात की हरीण जखमी अवस्थेतच दूर पळतं. माझी ९० पावलांवर मिळाली.

हो, सराव जाड जॅकेट घालून, उंचावरून करा. माझी बाही दोरीला घासत होती हे मला मचाणावर कळलं. हरीण अगदी मचाणाखाली असेल तर थांबा, वरून एकच फुप्फुस सापडतं. आणि दोरी ओढायची ती त्याचा डोळा झाडाआड गेल्यावर. त्या सकाळी मी ती दिसताक्षणी ओढली होती.