मुफासाच्या आवाजाचं गाव

मॅनिस्टी हे मिशिगन सरोवराकाठचं गाव आपल्या मंडळींच्या सहलीत सहसा नसतं. लाँग वीकेंड आला की सगळे थेट वर, स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांकडे सुटतात. मॅनिस्टीत फार तर गाडीत गॅस भरायचा (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, हे आता अंगवळणी पडलंय) आणि पुढे निघायचं. आम्ही थांबलो ते रॅम्सडेल थिएटरसाठी. लाकडाच्या धंद्यावर गाव गबर झालं होतं, त्या काळात, १९०३ मध्ये, गावातल्या एका वकिलाने हे बांधलं. घुमटातली चित्रं त्याच्याच चित्रकार मुलाची. १९५३ च्या सुमारास एक धिप्पाड कृष्णवर्णीय तरुण इथे सेटचं सुतारकाम करायचा. पुढे याच रंगमंचावर तो ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. जेम्स अर्ल जोन्स.

नाव ओळखीचं वाटत नसेल, पण आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. ‘लायन किंग’मधला मुफासा त्यांचा. ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडरही त्यांचाच, म्हणजे फक्त आवाज, त्या काळ्या पोशाखात डेव्हिड प्राउज हा इंग्लिश नट होता. पहिल्या सिनेमाचे जोन्सना ७,००० डॉलर मिळाले आणि श्रेयनामावलीत आपलं नाव नको, असं त्यांनीच सांगितलं. गंमत अशी की जग त्यांना ओळखतं ते नेमकं त्याच कामामुळे.

जन्म १९३१ चा, मिसिसिपीतला. वडील त्याच सुमारास घर सोडून गेलेले. पाच वर्षांच्या या मुलाला आजी-आजोबांनी उत्तर मिशिगनमधल्या शेतावर आणलं आणि तिथे त्याची वाचाच बसली. बोलायला गेला की अडखळायचा, मग त्याने बोलणंच टाकलं. घरातल्यांशी आणि गुराढोरांशी जेवढ्यास तेवढं, शाळेत जवळजवळ काहीच नाही. असं सुमारे आठ वर्षं चाललं.

मॅनिस्टीपासून जवळच ब्रेदरेन नावाचं खेडं आहे. तिथल्या शाळेत डोनाल्ड क्राउच हे इंग्रजीचे मास्तर होते. एका हिवाळ्यात सरकारने ग्रेपफ्रूट वाटली. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचा चुलतभाऊ. मिशिगनच्या बर्फात हे फळ म्हणजे अप्रूपच. त्या चवीने खूश होऊन पोराने एक लांबलचक कविता लिहिली, तीही एका गाजलेल्या दीर्घकाव्याच्या चालीवर. क्राउच मास्तरांनी ती वाचली आणि सरळ आरोप केला: ही तुझी नाही, कुठून तरी उतरवलीस. तुझी असेल तर वर्गापुढे उभं राहून तोंडपाठ म्हणून दाखव. चोरीचा आळ सहन होईना, पोरगा उठला आणि पूर्ण कविता म्हणाला. एकदाही न अडखळता! मास्तरांना चोरीचा खरंच संशय होता की तो डाव होता? मला विचाराल तर डावच. त्यानंतर ते त्याला रोज काहीतरी मोठ्याने वाचायला लावत. तरीही तोतरेपण पूर्ण गेलं नाहीच. आपण आजही अडखळतो, हे जोन्स म्हातारपणीही मोकळेपणाने सांगत.

पुढे मिशिगन विद्यापीठात डॉक्टर व्हायला गेले आणि नाटकात शिरले (हे वाचून पुण्या-मुंबईतले काही आईबाप दचकतील). मग सैन्य, मग न्यूयॉर्क. नट असलेल्या वडिलांची खरी ओळख विशी ओलांडल्यावर झाली. पोटासाठी साफसफाईची कामं केली. १९६८ मध्ये ब्रॉडवेवर ‘द ग्रेट व्हाइट होप’ आलं. हेवीवेट विश्वविजेता झालेला पहिला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन, त्याच्यावर बेतलेलं नाटक. त्यासाठी टोनी हे अमेरिकी रंगभूमीवरचं मानाचं पारितोषिक मिळालं आणि सिनेमा झाल्यावर ऑस्करचं नामांकनही. १९७३ मध्ये त्यांनी सेंट्रल पार्कच्या उघड्या नाट्यगृहात लिअर केला, तोही फुकट प्रयोगांत. लिअर म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे आधी आपले बेलवलकर येतात, त्याला इलाज नाही.

मला स्वतःला त्यांचं ‘फेन्सेस’ सगळ्यात मोठं वाटतं. १९८७ चं, दुसरं टोनी मिळवून देणारं. त्यातला बाप कचरा उचलण्याच्या खात्यात नोकरीला. मुलगा विचारतो, मी तुम्हाला कधी आवडलोच कसा नाही? बाप आधी चिडतो, मग पोराला हिशेब मागतो: रोज पोटाला मिळतं ना? डोक्यावर छप्पर आहे ना? हे मी आवडीपोटी करत नाही, ते माझं कर्तव्य आहे. प्रसंगाची चित्रफीत इंटरनेटवर सापडते. खर्जातला तो आवाज क्षणभर असा चढतो की मुलाबरोबर आपणही मागे सरकतो. व्हेडरची भीती त्यापुढे पोरखेळ.

वयाच्या ८४ व्या वर्षी ते ‘द जिन गेम’मध्ये सिसली टायसनबरोबर ब्रॉडवेवर पत्ते खेळत होते. नाटकात पात्रं दोनच, आणि टायसनबाई तेव्हा नव्वदीच्या.

२०२४ च्या सप्टेंबरात ते गेले. त्याआधी दोनच वर्षं ४८ व्या रस्त्यावरच्या कोर्ट थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं. १९५८ मध्ये तिथेच ते नोकराच्या बारीकशा भूमिकेत होते. न्यूयॉर्कला लेकी-सुनांकडे येणार असाल तर टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखालच्या खिडकीवर त्याच दिवसाची तिकिटं बऱ्याच कमी दरात मिळतात. या थिएटरचं नाव फलकावर दिसलं तर नाटक कुठलं ते नंतर बघा.