नेस्ट आणि नीड

कढीपत्त्याच्या कुंडीत बुलबुलने घरटं केलंय. गुलाबीसर पांढरी, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. गेले आठ दिवस मी फोडणीसाठी कढीपत्ता बाजारातून आणतेय.

परवा नातू इंग्रजीचा अभ्यास करत होता. सिंहाची डेन, सशाचा बरो, पक्ष्याचं नेस्ट. "आजी, नेस्टच का गं?" मला इतका आनंद झाला! 31 वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवलं, 'नीड म्हणजे घरटं' हे शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं. पण नीड आणि नेस्ट मुळात एकच शब्द आहे, हे वर्गात एकदाही सांगितलं नाही. आता फार वाटतं, सांगायला हवं होतं.

'नि' म्हणजे खाली आणि 'सद्' म्हणजे बसणं. सद्‌मधला स्वर गळाला, 'द'च्या शेजारी 'स'चा उच्चार इंग्रजी झेडसारखा झाला. संस्कृतमध्ये तो झेड टिकला नाही. जाताना मागच्या 'नि'ला दीर्घ करून गेला, 'द'चा 'ड' झाला: नीड. लॅटिनमध्येही तो असाच गेला आणि 'नीदुस' उरलं. इंग्रजीच्या पूर्वजांनी मात्र 'स' राखला आणि 'द' कठोर केला, जसा आपल्या 'दश'चा त्यांच्याकडे 'टेन' झाला.

म्हणजे हे नाव काड्यांवरून पडलेलं नाही, बसण्यावरून पडलंय. इंग्रजीतले सिट, सीट, सॅडल त्याच धातूचे. आपली संसदही. आणि उपनिषद फोडून पाहा: उप, नि, सद्. त्यात अख्खं नीड बसलंय! हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

मराठीत आपण 'घर'वरून घरटं म्हणतो. इंग्रजीत मुंग्यांचं, गांधीलमाश्यांचं, उंदराचंही नेस्टच. आपल्याकडे वारूळ, पोळं, बीळ, शिवाय सुगरणीचा खोपा वेगळा. ही श्रीमंती मला फार आवडते.

नातवाला मग शांतिनिकेतनच्या विश्वभारतीचं ब्रीद म्हणून दाखवलं, 'यत्र विश्वं भवत्येकनीडम्'. जिथे सगळं विश्व एका घरट्यात येतं. यजुर्वेदातलं वचन आहे हे. त्याने 'एकनीडम्' दोनदा म्हटलं, मग खिडकीशी जाऊन कुजबुजला, "आजी, ती अजून बसलीये."